दोघींच्या गोळ्या एका बरणीत

माझी थोरली सून शिवणकाम करते. पुढच्या खोलीत तिचं मशीन, आणि तिथूनच ती अख्ख्या घराला कामाला लावते. हाताला गुण असा, की एक खांदा पडलेला माणूसही तिच्या शर्टात ताठ दिसतो. फक्त मूल नाही. धाकटीलाही नव्हतं. म्हणून दोघी जावा इस्पितळात मूल होण्याच्या नव्या औषधावर चाललेल्या संशोधनात नाव घालून आल्या.

तिथली तऱ्हाच न्यारी. निम्म्या बायकांना खरं औषध, निम्म्यांना नुसती पिठाची गोळी. दिसायला सारख्याच. कुणाला कुठली दिली ते डॉक्टरीणबाईंनाही ठाऊक नाही! म्हटलं, "अगं, मग ठाऊक आहे तरी कुणाला?" म्हणे, पाकिटात बंद आहे. घ्या! देणारीही अंधारात, घेणारीही अंधारात. मला अजून ते नीट उमगलेलं नाही.

थोरलीला मात्र झोप येईना. "एकीला खरी आणि एकीला खोटी मिळाली तर? एका घरात दुजाभाव?" तिने दोन्ही बाटल्या एका बरणीत ओतल्या, खळखळ हलवल्या. रोज त्यातली एकेक गोळी दोघींनी घ्यायची. मलाही ते रास्तच वाटलं.

पुढे धाकटीला दिवस गेले. नर्सबाई घरी आल्या. "गोळ्या आता बंद. पोटातल्या बाळाला हे औषध कदाचित बाधेल, म्हणून तुमचं पाकीट उघडून पाहिलं. काळजी नको, तुमची पिठाचीच होती."

धाकटी खूश. थोरली पांढरीफटक. नर्सबाईंची पाठ वळताच म्हणाली, "आई, माझी खरी असेल तर? ती हिच्याही पोटात गेलीय."

"अगं, पण सांगितलंस तर संशोधनातून तुझं नाव काढतील. बाहेर हे औषध मिळत नाही." बोलून गेले आणि माझीच मला लाज वाटली. सांग म्हणावं तरी हिचं नुकसान, नको म्हणावं तरी नातवंडाला धोका. डोकं चालेना.

ती माझ्यासाठी थांबलीच नाही. धाकटीला घेऊन तडक इस्पितळात गेली. थोरलीचं पाकीट उघडलं, तर तिची गोळी खरी निघाली. धाकटीला तपासलं, बाळ सध्या ठीक आहे, लक्ष ठेवू म्हणाले. थोरलीचं नाव काढलं.

"मग हिला दिवस कशाने गेले? थोरलीच्या गोळ्यांनी, की आपोआप?" मी डॉक्टरीणबाईंना फोनवर विचारलं.

"आता ते कुणालाच सांगता येणार नाही, आजी."

संध्याकाळी धाकटी मशीनपाशी जाऊन बसली. "ताई, माझा राग आला असेल ना?"

"आला ना. सकाळपासून आलाय. पण तुझा काय दोष? बरणी माझी, अक्कल माझी. कुणावर काढू ते तरी सांग."

"माझ्यावर काढ," मी म्हटलं. "सासू मग कशाला असते?"

आणि काढला हो तिने! लग्न होऊन आली त्या दिवसापासूनचा.