नावाखाली काय?

बाळामामा गेल्याचा फोन त्यांच्या मुलीने, वैशालीनेच केला. आणि इतक्या शांत आवाजात, की क्षणभर वाटलं, जेवायलाच बोलावतेय. "दादा, बाबा झोपेतच गेले. नाडी मीच बघितली. तू सावकाश ये, कशेळीला ट्रॅफिक हाय..." वैशाली नर्स आहे, म्हणून तिला ते जमलं. आणि ती नर्स कशी झाली ते आठवलं, की आता महिन्याभराने हसूच येतं.

मामा चौथी शिकलेले. शेतावर गोदामं उभी राहिली, भाडं घरबसल्या येऊ लागलं; पण पाव्हण्याला पाणी देण्याआधी त्यांचा एकच प्रश्न : "नावाखाली काय?" म्हणजे लग्नपत्रिकेत नावाखाली कुठली पदवी छापणार? माझ्या पत्रिकेत मी ऐटीत 'बी.कॉम. (चालू)' छापलं होतं. केस गेले, पोट आलं, बी.कॉम. अजून चालूच आहे. मामा चारचौघांत विचारायचे, "काय रं भाच्या, पोचली का तुजी गाडी?" मी म्हणायचो, "सिग्नल न्हाय, मामा."

वैशालीचं लग्न ठरलं तेव्हा तिचं नर्सिंगचं, जी.एन.एम.चं शेवटचं वर्ष. व्याह्यांना घाई. "परीक्षा कशाला? आमची गोदामा हायत, पोरीला काय कामाला धाडाची हाय?" असं स्थळ हातचं जाईल म्हणून मामीचा जीव टांगणीला. मामा शांतपणे सुपारी कातरत म्हणाले, "गोदामातली मानसा आजारी पडत न्हाईत का? पत्रिका छापीन तं पुरी छापीन."

व्याह्यांकडून परतताना मी शहाणपणा केला. "मामा, एका पोरीच्या कोर्सवाचून देशाचं काय अडलंय?"

"देश म्हंजे दिल्ली का रं? आपल्या आळीत कोन तापला, तं भिवंडीला न्ह्यावा लागतो. आळीत एक पोरगी शिकली, तेवढा देश बरा झाला."

व्याही फुगून बसले. शेवटी नवरामुलगाच बापाला म्हणाला, "थांबूया." थांबले. वैशाली पास झाली, पत्रिका छापून आल्या... आणि छापखानेवाल्याने जी.एन.एम. छापलं होतं मामांच्या नावाखाली! मामीने कपाळाला हात लावला. मामांना हसताहसता ठसका लागला. मग आम्हा सगळ्यांना ओटीवर बसवून त्यांनी प्रत्येक पत्रिकेवर निळ्या पेनाने बाण काढून घेतले, त्यांच्या नावाखालून वैशालीच्या नावाकडे. माझे बाण वाकडे जायचे. "बी.कॉम. चालू," मामा म्हणायचे.

पुढे वैशाली गावाजवळच्याच दवाखान्यात लागली. पोरांच्या लसी, म्हाताऱ्यांचं बीपी, हमालांच्या जखमा... व्याहीबुवांची शुगरही तीच तपासते. बोट पुढे करून ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, "आमची सून जी.एन.एम. हाय."

दशक्रियेचा फ्लेक्स नाक्यावर लागला. मामांचा हसरा फोटो, खाली नाव, नावाखाली जी.एन.एम. मी वैशालीला बाजूला घेतलं. "अगं, तीच चूक परत?"

"चूक न्हाय, दादा. मीच छापाला सांगितला."

शेजारी थांबलेल्या ट्रकवाल्याने विचारलं, "डॉक्टर साहब थे क्या?"

"लगभग," मी म्हटलं.

परवा मामांकडे गेलो. शोकेसच्या काचेला ती पत्रिका अजून चिकटवलेली आहे. शाई फिकटलीय, पण बाण दिसतो. वाकडा आहे, म्हणजे बहुधा माझाच. मामी पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि तो हातातच धरून समोर उभी राहिली.

"नावाखाली काय?"

"चालू," मी म्हटलं.

मग तिने पाणी दिलं.