सेठजींची बाजू

गजभिये मॅडम स्टाफरूममध्ये चहा घेता घेता बातम्या द्यायच्या. "मुखियाला कैद झाली. गोऱ्या साहेबाला दारात ताटकळत ठेवलं, तेवढ्यावरून." नव्यानं आलेल्या खेळाच्या सरांनी एकदा काळजीनं विचारलं, हे इथं जवळच, बेटम्याच्या बाजूला घडलं का. मॅडम म्हणाल्या, "नाही हो, केनियात." सर म्हणाले, "तरीच पेपरात आलं नाही."

इंदूरच्या आमच्या कॉलेजात मी इतिहास शिकवायचे आणि मॅडम एम.ए.च्या वर्गाला आफ्रिकी कादंबऱ्या; त्यांच्या बातम्या तिथल्याच. हा विषय घेणारी मुलं मोजकीच. का वाचायचं हे, असं कुणी विचारलं तर त्या म्हणायच्या, "आपलेच लोक आहेत. फक्त लांब राहतात."

एका वर्षी अभ्यासक्रमातल्या कादंबरीत भारतीय दुकानदार निघाला. तो एका आफ्रिकी बाईला मीठ कमी तोलून देतो. वर्गातल्या एका मुलीनं हे घरी जेवताना सांगितलं. तिचे वडील मुंदडाजी, मल्हारगंजातले किराण्याचे व्यापारी. दुसऱ्याच दिवशी ते अर्ज घेऊन प्राचार्यांकडे हजर. पुस्तकानं समस्त दुकानदारांची बदनामी केली आहे, ते काढून टाका. प्राचार्य घाबरट. त्यांनी मॅडमना सांगितलं, पुस्तक बदला, नाहीतर पुढच्या वर्षी विषयच बंद करू.

मॅडमनी मधला मार्ग सुचवला. मुंदडाजींनी वर्गात येऊन दुकानदाराची बाजू मांडावी. प्राचार्यांना इतकं हायसं वाटलं की त्यांनी 'कादंबरीतील दुकानदाराची सुनावणी' अशी रीतसर नोटीस लावली. गर्दी होणार म्हणून वर खुर्च्याही मागवल्या.

मुंदडाजी दुकानातला तराजू आणि ओलसर मिठाची थैली घेऊन आले. मीठ पाणी सोडतं, बाई उन्हातून घरी पोचेपर्यंत वजन उतरणारच, असं त्यांनी तोलून समजावलं. मुलांनी ते उतरवून घेतलं. मग त्यांनी मागणी केली की एवढं त्या पुस्तकात घालावं. मॅडम म्हणाल्या, लेखक वारले. मुंदडाजींनी विचारलं, वारस कोण आहेत?

मॅडम हसल्या नाहीत. टेबलापाशी येऊन म्हणाल्या, "मुंदडाजी, तुमचा दुकानदार मीठ कमी तोलतो. महूचे माझे आजोबा इंग्रजांच्या फौजेबरोबर त्याच मुलखात गेले होते. बंदूक घेऊन. त्यांची तक्रार मी कुणाकडे करू?"

मुंदडाजींनी पारड्यातलं वजन काढून खाली ठेवलं आणि हळू आवाजात विचारलं, "गोली चलाई थी उन्होंने?"

"माहीत नाही. परत आल्यावर ते त्यातलं काही बोललेच नाहीत. म्हणून मी दुसऱ्यांच्या पुस्तकांत शोधते."

मुंदडाजींनी अर्ज मागे घेतला, पण एका अटीवर. वर्गात त्या दुकानदाराला 'सेठजी' म्हणायचं. मॅडमनी मान्य केलं आणि ते पाळलंही. त्या वर्षी मुलांनी इंग्रजी उत्तरपत्रिकांतही सेठजीच लिहिलं. बाहेरून आलेल्या परीक्षकांना वाटलं, हा कुणी समीक्षक असावा. त्यांनी सेठजींचा ग्रंथ आमच्या लायब्ररीत आहे का, अशी चौकशी केली.

निवृत्त झाल्यावर मॅडम महूला राहायला गेल्या. मागच्या महिन्यात मी भेटायला गेले, तेव्हा त्यांच्या मांडीवर एक नवी कादंबरी उघडी होती. त्यात फौज एका गावातून जाते आणि त्यातला एक भारतीय शिपाई विहिरीवर पाणी पितो. एका ओळीत संपतो. त्याला नाव नाही, तो बोलत नाही. मॅडम कित्येक दिवस त्याच पानावर होत्या.

मी म्हटलं, अहो मॅडम, पुढे वाचा ना.

"पुढे तो नाहीये गं," त्या म्हणाल्या. "मी पान उलटलं की तो इथं एकटाच राहील."