एक्सिलेटरवरचा पाय

वडील गेले तेव्हा माझी गाडी दीड महिना दारात उभी होती. मी सुरतेच्या दवाखान्यात त्यांच्याजवळ होतो. दहाव्याच्या सकाळी किल्ली फिरवली तर आवाजच आला नाही. विसरवाडीहून घाईघाईने नवी बॅटरी आणून बसवली आणि आम्ही अस्थी घेऊन तापीकाठच्या प्रकाशा गावाला निघालो. बाकीचे नातेवाईक पुढे गेले होते. दुपारच्या आत विधी व्हायला हवा होता.

अस्थींचं मडकं काकांच्या मांडीवर होतं. नदीपर्यंत ते जमिनीवर टेकवायचं नाही, म्हणून काका उतरणारही नव्हते.

पहिल्याच गतिरोधकाला गाडी बंद पडली. चालू केली, पाय उचलला की पुन्हा बंद.

"रेस दे रे भाऊ, रेस! पाय नको काढू!" काका ओरडले.

काका आणि वडील, दोघांनी आयुष्यभर प्रवासी जीप चालवली. गाडी बंद पडायला लागली की रेस द्यायची, हेच आमच्या घरचं ज्ञान. बारावीच्या सुट्टीत वडिलांनी मलाही तेच शिकवलं होतं. निकाल लागला त्या दिवशी मात्र किल्ली काढून घेतली. म्हणाले, "आते तू कॉलेजले जाय." मी घरातला पहिला पदवीधर झालो तो त्या किल्लीमुळे.

मी रेस देत राहिलो. नंदुरबारच्या अलीकडे एका गॅरेजपर्यंत गाडी पाच वेळा बंद पडली.

मेकॅनिकने बॅटरी पाहिली आणि म्हणाला, "साहेब, एक्सिलेटरवरून पाय काढा. बॅटरी काढली की गाडीचा कॉम्प्युटर जुनं शिकलेलं विसरतो. एसी, लाइट बंद ठेवा. पंधरा मिनिटं नुसती चालू द्या, पाय नसताना चालू कसं राहायचं ते ती आपोआप शिकेल. तुम्ही रेस देता, म्हणून तिला शिकता येत नाही."

"गाडीले बी शाळामा धाडनं पडस का?" काका म्हणाले.

मेकॅनिक हसला. मग त्याला मांडीवरचं मडकं दिसलं. त्याने गॅरेजमधला रेडिओ बंद केला आणि बाजूला जाऊन उभा राहिला.

मी पाय मागे घेतला. दोनदा गाडी बंद पडली, दोनदा चालू केली. तिसऱ्यांदा इंजिनच्या फेऱ्या दाखवणारा काटा खाली खाली गेला. काकांचा हात माझ्या गुडघ्यावर आला. दाबायला की थांबवायला, कळलं नाही. दवाखान्यातही मी असाच बसलो होतो. हात लावायचा नाही, फक्त बघायचं. तिथल्या मॉनिटरवरचा आकडा परत वर आला नव्हता.

हा काटा आला. थरथरला, थोडा वर चढला आणि तिथेच राहिला. पंधरा मिनिटं आम्ही गाडी तशीच चालू ठेवली.

पुढे गाडी कुठेही अडली नाही. प्रकाशाला घाटाजवळ थांबलो तेव्हा ऊन अजून डोक्यावर आलं नव्हतं. काकांनी बसल्या जागेवरूनच मडकं माझ्याकडे सरकवलं. ते हातात घेण्याआधी मी किल्ली फिरवली. त्या दिवशी पहिल्यांदाच गाडी मी स्वतः बंद केली.