खडे वेचणारा उकंडराव

धामणगाव बढ्यात बोलवा होती, उकंडरावचं डोकं फिरलंय. भावानं घडवलेला नवाकोरा माल तो मोडून टाकतो, वाटणीचा राग काढतो. टपरीवर एकानं तर छातीवर हात मारून सांगितलं, "म्या डोळ्यानं पाह्यलं ना बे! लोखंड मोडलं, अन् हा गडी वहीत लिहून राह्यला!"

मोडायचा हे खरं. राग मात्र नव्हता. थोरले भाऊ किसनराव यांच्या कारखान्यात कपाशीतलं तण काढायचे सायकल डवरे बनत. डवऱ्याचं चाक धरणारा चिमटा किती टिकेल हे सांगणं उकंडरावचं काम. शंभरांतून दहा चिमटे तो काढी. मागच्या आवारात मातीनं भरलेला गोल चर होता. मोटरवर फिरणारा दांडा घाण्याच्या बैलासारखा डवरा त्यातून ओढत राही. चिमटा मोडला की उकंडराव झालेले फेरे वहीत मांडी. दहांतला सगळ्यात कच्चा जितका चालला, तेवढीच हमी बाकीच्या नव्वदांची. "पयलवानाकडं पाहून लेकराले कुस्तीत नाई उतरवत," म्हणे.

गेल्या वर्षी त्यानं हमी दिली, दोन हंगाम. माल जळगाव जामोदला गेला. पोळ्याच्या आत बारा चिमटे मोडले.

तिकडची शेतकरीण जनकाबाई मोडका चिमटा पदरात गुंडाळून एसटीनं थेट कारखान्यात आली. ओरडली नाही. "भाऊ, तुमी दोन साल म्हणले व्हते. का दोन दिवस?"

उकंडरावनं चिमट्यावरची वाळलेली माती नखानं खरवडली. मुरूम. सातपुड्याच्या पायथ्याची खडकाळ जमीन. आणि त्याच्या चरात घरच्या शेतातली काळी, लोण्यासारखी माती! वर एखादा खडा दिसला, की परीक्षा चोख व्हावी म्हणून तो वेचून फेकायचा.

त्यानं हात जोडले. "चूक माही हाय, बाई."

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो जळगाव जामोदला गेला. इकडे दुपारी किसनरावांची अकरावीतली लेक वैष्णवी कामगारांपुढे उभी राहिली. गावातल्या कुणाचाही आवाज तिच्या गळ्यातून निघे. मान पाडली, हात जोडले, नाक ओढलं, "चूक माही हाय, बाआई!" सगळे खो खो हसले आणि एकदम गप्प झाले. फाटकात परत आलेला उकंडराव उभा होता, खांद्यावर तिकडच्या मुरमाचं पोतं.

"हात आजून थोडे खाली व्हते, बाई," तो म्हणाला आणि पोतं चरात रिकामं करायला गेला. वैष्णवीचे कान तापले.

नवे चिमटे जाड केले, मुरमात फिरवले. सगळ्यात कच्चा एक हंगाम निघाला, वर थोडा.

"दोनच सांग ना बे," किसनराव म्हणाले. "गिऱ्हाईक पळीन!"

"एकच, दादा."

वैष्णवीलाही राहवेना. "काका, असं सांगसान तं जनकाबाई दारातूनच वाटे लावतीन. लावता पैज?"

"लावली. हरलीस तं बाकीच्या अकरा घरी चिमटे घेऊन तू जायचं. अन् चूक आपली हाय, हे तुह्या तोंडानं सांगायचं."

दोघं गेले. जनकाबाई अंगणात मूग पाखडत होती. उकंडरावनं चिमटा पुढे केला. "बाई, हा एक हंगाम चालीन. दुसऱ्याचं मले सांगता येत नाई."

जनकाबाईनं चिमटा उलटासुलटा करून पाहिला.

"मंग दोन द्या. एक बदलीचा, एक इकतचा. पुढच्या साली कोन येते तुमच्या गावाले!"

पैज हरली ती वैष्णवी, म्हणजे हे लिहिणारीच. अकरा चिमट्यांची जड पिशवी घेऊन ती पुढच्या दाराशी उभी राहिली आणि कडी वाजवली, तेव्हा काका रस्त्यापलीकडे तिच्याकडे पाठ करून उभे होते. तिचं तोंड आपल्याला दिसू नये म्हणून.