उसन्या शब्दांचे वाद्यार

"उसनं!" असं म्हणून ते छत्रीची मूठ माझ्या जटक्याच्या, म्हणजे टांग्याच्या, फळीवर आपटायचे. घोडा दचकायचा. मी शिवी गिळायचो.

तंजावरात मास्तराला वाद्यार म्हणतात. हे वाद्यार शाळेत इंग्रजी शिकवायचे आणि तंजावरच्या आपल्या मराठी घरांतल्या मुलांचा मराठीचा एक वर्गही घ्यायचे. रोज सकाळी मेलवीदी या रस्त्यावरून माझ्या गाडीत बसायचे. माझे आजे इथल्या मराठी राजाच्या पागेत होते. राज्य खालसा झालं, घोडे लिलावात गेले, आमच्याकडे राहिला तो त्यांतल्या एका घोडीचा वंश, हा एकच, गाडीला जुंपलेला. म्हणून वाद्यार मला सरदार म्हणत. दुसरं कुणी म्हटलं असतं तर खाली उतरवलं असतं.

वाटेत कुणाच्या तोंडून इंग्रजी शब्द आला की छत्री आपटलीच. "सरदार, लॅम्प कुणाचा?"

"साहेबाचा."

"उसना! ग्रीक म्हणून लोक होते, त्यांच्याकडून आणलेला. बटर कुणाचं?"

"आता तेही उसनंच असेल."

"शाबास! तुमचा घोडासुद्धा एक दिवस पास होईल."

एकदा राजवाड्याच्या कोपऱ्यावर शिपायानं गाडी अडवली. वाद्यार खाली वाकून त्याला समजावू लागले, "अप्पा, पोलीस हा शब्द ग्रीकांचा. मुळात त्याचा अर्थ गावाशी लागतो. तू गावाचा, आम्ही गावाचे. जाऊ दे."

शिपाई म्हणाला, "सामी, शब्द कुणाचा का असेना, काठी माझी आहे. गाडी काढा."

वाद्यार शाळेपर्यंत हसत होते. मला हसू आलं नाही.

मग मद्रासेहून शाळा तपासायला साहेब आला. तो आधी मुंबईकडे होता, पुण्याची मराठी बोलायचा. मी खिडकीबाहेर गाडी लावून उभा होतो, सगळं ऐकलं. त्यानं मराठीच्या वर्गातल्या एका मुलीला विचारलं, सकाळी घरी जेवायला काय केलं होतं? पोरगी बोलली, जसं आपण घरात बोलतो तसंच. त्यात आल्याला इंजी म्हणाली, आणखी दोन-चार तमिळ शब्द आले.

साहेब म्हणाला, "मास्तर, ही मराठी नव्हे, ही भेसळ आहे. असल्या भाषेचा वर्ग सरकारनं कशाला चालवायचा?"

वाद्यारांचा आवाज चढला नाही. "साहेब, आपण आत्ता कुठे हात टेकलात? डेस्कावर. डेस्क ग्रीकांचं. हातातला पेपर ग्रीकांचा. स्कूल त्यांचंच. सगळं ज्याचं त्याला परत केलं तर आपल्याला उघड्यावर उभं राहून तपासणी करावी लागेल."

मग त्यांनी त्या मुलीकडे बोट केलं.

"आणि इंजी म्हणाल तर ती इथली. इथल्या मालाबरोबर तिचं नाव निघालं, फिरत फिरत ग्रीकांकडे गेलं, त्यांच्याकडून पुढे आपल्या विलायतेत. त्याला आपण जिंजर म्हणता. या मुलीनं ते शेजारणीकडून घेतलं तर भेसळ, आणि आपण समुद्राला वळसा घालून घेतलं तर विद्या?"

तुम्हाला वाटेल साहेब चिडला. चिडला असता तर बरं झालं असतं. तो खूश झाला! टेबलावर थाप मारून हसला, वाद्यारांचा हात हातात घेतला, दोन-तीन शब्द टिपून घेतले. आम्हाला वाटलं, जिंकलो.

पावसाळ्याआधी हुकूम आला. मराठीचा वर्ग बंद. वाद्यारांच्या विद्वत्तेची कदर म्हणून त्यांना इंग्रजीचा वरचा वर्ग. म्हणजे त्यांचं म्हणणं पटलं, आवडलं, आणि केलं तेच जे करायचं होतं! आजही आठवलं की माझं डोकं फिरतं.

आणि आपले लोक? वाद्यार दारोदार फिरले. मीच गाडी हाकत होतो. वर्ग चालू ठेवा अशा अर्जावर सह्या द्या म्हणत होते. मेलवीदीतले एक वकील, अस्सल आपले, पायरीवरून उतरलेसुद्धा नाहीत. "वाद्यार, मराठी घरात आहेच की. पोरांना नोकरी लागायला पाहिजे, असले अर्ज कशाला?" दुसऱ्यानं कॉफी पाजली, सही दिली नाही. रागानं मी त्या दिवशी घोड्याला उगाच चाबूक मारला.

वाद्यारांनी वरचा वर्ग घेतला नाही. नोकरी सोडली आणि घराच्या तिण्णेवर, म्हणजे रस्त्यालगतच्या ओट्यावर, संध्याकाळी फुकट मराठी शिकवू लागले. सुरुवातीला चार मुलं आली. मग परीक्षा आल्या, मग कुणाला ताप, कुणाचं लग्न. एका संध्याकाळी गेलो तर ते एकटेच पाटी पुसत बसलेले.

"सरदार, बसा."

"मी? या वयात?"

"घोड्याला बसवू का मग?"

बसलो. बाळबोध अक्षर मी त्या ओट्यावर गिरवलं. बोटं लगामाची, खडू मोडायचे. ते म्हणायचे, "ओढू नका हो, ते कुठे पळत नाही."

त्याच ओट्यावर ते गेले, भिंतीला टेकून. शाळेत शोकसभा झाली. तेच वकील अध्यक्ष. सगळी भाषणं इंग्रजीत! थोर विद्वान, थोर ग्रीकपंडित. ज्या वर्गासाठी माणसानं स्वतःच्या पोटावर पाय आणला त्याचं नाव एकाच्याही तोंडात नाही. मी मागून उठलो, म्हणालो, मला दोन शब्द मराठीत बोलायचेत.

वकील वडीलधाऱ्याला हाक मारतात तसं म्हणाले, "पेरिअवरे, तमिळमध्ये सांगा ना, सगळ्यांना समजेल."

समोर बसलेल्यांत निम्मे आपलेच होते. मी कुणाकडेही न बघता बाहेर पडलो.

बोलायचं राहिलं ते हे लिहिलंय. चुका असतील, त्या माझ्या, त्यांच्या नाहीत. वकिलांच्या नातवाला कुणीतरी या लिखाणाचं सांगितलं, तो परवा आला. आजोबांना म्हणतात तसं म्हणाला, "ताता, मला मराठी वाचता येत नाही, तमिळमध्ये करून द्या."

दिलं नाही. म्हटलं, ओटा रिकामाच आहे, उद्या संध्याकाळी पाटी घेऊन ये.