उगवून दाखव

आमच्या घराच्या उत्तरेला, न्हाणीघर आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये एक बोळ आहे. तिथे ऊन कधी येतच नाही. लग्न होऊन आदिलाबादला आल्यापासून त्या बोळात मी गुलाब मारले, मोगरा मारला, तुळससुद्धा मारली. अंगणात सासूबाईंच्या मिरच्या आणि वांगी ठाण मांडून बसलेली, तिथे मला वाव नव्हता. सासूबाईंची हयात भीमपूरच्या शेतात कपाशी पिकवण्यात गेली, त्यामुळे झाडांच्या बाबतीत घरात त्यांचाच शब्द शेवटचा. सुनेच्या हातचं झाड जगत नाही, असा त्यांनी निकाल देऊन टाकला होता. शेजारणींनाही त्या तो ऐकवत आणि मी आतल्या आत चडफडत असे.

मग एकदा हातगाडीवरच्या रोपवाल्याकडे मला नेचा दिसला, आमच्याकडे सगळे ज्याला फर्न म्हणतात तो. मी त्याला आमच्या बोळाचं रडगाणं सांगितलं. तो म्हणाला, "नीडलो पेट्टंडी." म्हणजे सावलीत ठेवा. माझ्याकडे जे भरपूर होतं तेच मागणारं झाड मला पहिल्यांदाच भेटत होतं. मी घासाघीस न करता ते उचललं.

सासूबाईंनी कुंडीसाठी शेतातली काळी माती काढून दिली. त्यांच्या लेखी जगात दुसरी माती नाही. पण ती ओली असली की चिकट गोळा आणि सुकली की भेगा, त्यात नेच्याची पानं पिवळी पडायला लागली. मी कुणाला न विचारता ती माती ओतून दिली. शाळेतल्या कडुनिंबाखालचा कुजलेला पाला, वाळू आणि विटांचे तुकडे घालून झाड पुन्हा लावलं. मुळं ओली हवीत पण बुडालेली नकोत, हवा दमट हवी आणि गरम वारा नको, एवढंच त्याचं मागणं. बोळातल्या खिडकीला आमचा कुलर बसवलेला आहे. त्याचं पाणी खालच्या विटांवर ठिबकत राहतं. त्या विटांशेजारी मी कुंडी ठेवली, आणि बाहेर रस्ता तापून निघत असताना माझ्या नेच्याला जिलेबीसारखे गुंडाळलेले नवे कोंब फुटले.

तेवढ्यात सासूबाईंनी एक पान उलटं केलं. कपाशीवाल्या माणसाचा हात आधी पानाच्या पाठीकडेच जातो, कारण मावा आणि तुडतुडे तिथेच बसतात. पानामागे दोन्ही कडांनी तपकिरी ठिपक्यांच्या रांगा होत्या.

"रोग पडला," त्या म्हणाल्या. "फेकून दे. माह्या मिरचीवर येईन."

मी शाळेत विज्ञान शिकवते. नेच्याच्या पानाचं हे चित्र दरवर्षी फळ्यावर काढते आणि ठिपक्यांना बाण दाखवून 'बीजाणू' असं लिहिते. पण सासूबाईंपुढे तो शब्द कुठे काढू? रोग नाही, बी आहे, असं मी ठणकावून सांगितलं.

"बिनफुलाच्या झाडाले बी कुठून येईन? बी असन तं उगवून दाखव. पोळ्यालोक पायतो मी."

आमच्या ह्यांनी वर्तमानपत्रातून डोकं वर काढलं नाही. मी मात्र पोळ्यापर्यंत उगवून दाखवते म्हणून बसले. खरं तर ते बी उगवताना मी जन्मात पाहिलं नव्हतं, फक्त शिकवलं होतं.

ठिपके खरवडून मी ओल्या पालामातीवर भुरभुरवले, ती उन्हाळ्यात वाळून गेली. मग ताटलीत घालून वर काच ठेवली, तर झकास बुरशी आली. सासूबाई येता-जाता ताटलीत डोकावत, त्याचाच मला जास्त राग येई. पावसाळा लागला, कुलर बंद झाला. त्याच्याखालच्या विटा हिरव्यागार झाल्या होत्या. कुणी घसरून पडेल, ते शेवाळ घासून काढ, असं त्या सांगत राहिल्या आणि मी रविवारवर ढकलत राहिले.

पोळा तोंडावर आला तेव्हा कंटाळून त्या स्वतःच ब्रश घेऊन बसल्या. थोड्या वेळाने मला हाक आली. आता बोलणी खायची, या तयारीने मी गेले. त्या विटांपुढे उकिडव्या बसल्या होत्या आणि ब्रश बाजूला पडला होता. शेवाळात बदामाच्या आकाराचे चिमुकले हिरवे पापुद्रे चिकटले होते, आणि काहींमधून इवल्या इवल्या जिलेब्या वर आल्या होत्या.

"हे कोणं लावलं?"

कुणीच नाही, मी म्हणाले, पानावरून पडलं आणि उगवलं. मग मी अशी हसत सुटले की आमचे हे वर्तमानपत्र टाकून बाहेर आले. इतका आनंद मला नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता. सासूबाईंनी उरलेलं शेवाळ घासलं नाही.

पोळ्याच्या दिवशी शेजारीण आली. तिने नेच्याचं पान सहज उलटं केलं आणि म्हणाली, "यावर रोग पडला वाटते."

मी तोंड उघडायच्या आत सासूबाई पुढे झाल्या.

"रोग नाही माय, बी आहे ते," त्या म्हणाल्या. "आमच्या सुनेच्या हातचं आहे. उगवते."