दादासाठी निवडलेली दुर्बीण

माझा मोठा भाऊ पेडण्यात वडिलांची केळीची बाग आणि शेत सांभाळतो. मी नोकरीमुळे डिचोलीत राहतो. वडिलांची रायफल त्याच्या वाट्याला आली, कारण पीक राखण्याचं काम त्याच्या वाट्याला आलं. मला त्यांचं पुस्तकांचं कपाट मिळालं. ही वाटणी आम्हा दोघांनाही योग्य वाटत आली होती.

रानात शिकारीला जाण्याचे दिवस वडिलांबरोबरच संपले. आता परवाना आहे तो पीकरक्षणाचा. रानडुकरं सुरणाचे आणि केळीचे गड्डे उपसू लागली की दादा संध्याकाळी बागेच्या वरच्या अंगाला बांधलेल्या माळ्यावर जाऊन बसत असे. बहुतेक वेळा तो हवेत बार काढी. वनखात्याची परवानगी हातात असेल तेव्हाच डुकरावर नेम धरी आणि तो नेम सहसा चुकत नसे. वाड्यावर, म्हणजे आमच्या वस्तीत, त्याला त्यामुळे एक जागा होती. कोणाच्या शेतात डुक्कर शिरलं की माणसं आधी आमच्या अंगणात येत.

गेल्या वर्षी तो माणसांच्या तोंडाकडे न पाहता कानाकडे पाहून बोलू लागला. म्हापशाच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे त्याला मीच नेलं. त्याला बाहेर बसवून त्यांनी मला सांगितलं, की पडद्याचा मधला भाग गेला आहे. कडेचं दिसत राहील, पण ज्यावर नजर रोखावी नेमकं तेच दिसणार नाही. त्यावर इलाज नाही.

बाहेर येऊन मी दादाला म्हणालो, "चष्म्यान भागाचा नाय म्हणतत."

त्याने चपला पायात सरकवल्या. मग म्हणाला, "मगे रायफलीर दुर्बीण बसवया. तेका काय मोठा."

मी "बघूया" म्हटलं. मी हळू बोलणारा माणूस आहे. लोक त्याला माझा गुण समजतात. त्या दिवशी मात्र मला जे सांगायचं होतं ते इतकं हळू होतं, की ते तोंडाबाहेर आलंच नाही.

निवड त्याने माझ्यावर सोपवली. "तू शिकलेलो. खूप म्हाग नको, पण टिकात अशी होयी," एवढीच त्याची अट. मग मी जी मेहनत घेतली ती आता आठवली की मला संकोच वाटतो. कार्यालयातून आल्यावर रोज मी दुर्बिणींविषयी वाचत बसे. छऱ्याच्या बंदुकीसाठी केलेली स्वस्त दुर्बीण खऱ्या रायफलीचा धक्का सोसत नाही, आतली काच सरकते, हे मला कळलं. डोळा आणि भिंग यांच्यात चांगलं अंतर राहिलं पाहिजे, नाहीतर बार उडताच दुर्बिणीची कड भुवईवर येऊन आदळते, हेही कळलं. जास्त मोठं करून दाखवणारी दुर्बीण संध्याकाळी उलट अंधारी होते. साधी, चौपट मोठं दाखवणारी, फिरवाफिरवीचे भाग नसलेली, आत दमट हवा न शिरणारी दुर्बीण आमच्यासारख्यांसाठी सगळ्यांत भरवशाची. हे सगळं मी इतकं मन लावून शिकलो, की जिच्यापासून दूर पळत होतो त्या एका गोष्टीचा विचार करायला वेळच उरू नये.

फोंड्याच्या दुकानदाराने आधी एक भलंमोठं भिंग माझ्यापुढे ठेवलं. मी नको म्हटल्यावर हसून तो म्हणाला, "बरं केलंत. हा नवरामुलगा फोटोपुरता. चार बार झाले की घरी परत." मी त्याच्याकडून पुठ्ठ्याचं एक खोकं मागितलं, त्याच्या दोन्ही कडांना खाचा पाडल्या आणि साधी दुर्बीण त्यात ठेवून हळूहळू गोल फिरवली. आतली नेम धरायची फुली समोरच्या पाटीवरच्या एकाच अक्षरावर स्थिर राहिली. दुकानदार म्हणाला, "भाऊ, पोरीला स्थळ बघताना पण माणूस एवढं बघत नाही." आमच्या जुन्या रायफलीवर दुर्बीण बसवायची सोय नव्हती. त्यानेच कारागिराकडून ती करून दिली.

अंगणात दादाने रायफल हातात घेतली. ती रिकामी असल्याची खात्री मी दोनदा केली. शेतापलीकडच्या माडाच्या खोडावर रोखून तो बराच वेळ पाहत राहिला.

"काच बरी आसा," तो म्हणाला. "पण मधी फुलीच घालूक नाय मरे तेनी. फसवल्यान तुका."

मी पाहिलं. माडाच्या सालीवर फुलीच्या काळ्या, बारीक रेघा स्वच्छ उमटल्या होत्या. आता सांगावं, असं मला वाटलं. मी म्हणालो, "बदलून आणतंय."

फोंड्याला दुकानदाराने ती डोळ्याला लावून उलटसुलट पाहिली आणि विचारलं, "डोळा कोणाचा?"

"माझाच," मी म्हणालो.

त्याने माझ्या चष्म्याकडे पाहिलं, पण पुढे काही विचारलं नाही. कडेला जाड दांडे आणि मध्ये बारीक फुली असलेली दुसरी दुर्बीण त्याने दिली. संध्याकाळी ही बरी पडते, म्हणाला. त्याच्या दृष्टीने ते खरंच होतं.

दुसऱ्यांदा दादाने आधीपेक्षा जास्त वेळ घेतला. त्याने मान जराशी कलती केली, पुन्हा सरळ केली.

"हां," तो म्हणाला. "आता जमला."

"फुली खंय दिसता?"

"मधीच मरे. फुली आणि खंय असतली?"

तो उत्तर पाहून देत नव्हता, माहितीवरून देत होता, हे मला कळलं. ते मला कळल्याचं त्यालाही कळलं असावं, कारण तो लगेच पुढे म्हणाला, "माड एकदम साफ दिसता. सालीचे कडे मोजूक येतीत."

त्याच माडाखाली, नळीच्या अगदी रेषेत, वहिनी वाकून गळून पडलेल्या झावळ्या, चुडतं, गोळा करत होती. लाल लुगडं, डोक्याला बांधलेला टॉवेल. माझ्या साध्या डोळ्यांनाही ती तिथे स्पष्ट दिसत होती. तिला हाक मारावी, की नळी हाताने वर उचलावी, ते मला ठरवता आलं नाही. रायफल रिकामी आहे, असं मी मनात म्हणत राहिलो.

तेवढ्यात ती सरळ झाली आणि तिथूनच ओरडली, "झाला काय बघून? का माका हयसून हलाचा?"

आवाज ज्या दिशेने आला, तिकडेच नळी रोखलेली होती. दादाने रायफल खाली घेतली आणि नळीचं तोंड जमिनीकडे करून ती मांडीवर ठेवली. वहिनी चुडतांचा भारा ओढत अंगणात आली आणि आमच्याकडे आळीपाळीने पाहत म्हणाली, "काय झाला भावजी? बिघाडली काय?"

"नाय वयनी. बरी आसा," मी म्हणालो.

पुढे निवडणूक आली. दर निवडणुकीला आमच्याकडच्या परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात, आणि माणसं ते शेवटच्या दिवसापर्यंत टाळतात, कारण डुकरांना निवडणूक कळत नाही. या खेपेला कोणी सांगण्याआधीच दादाने मला बोलावून घेतलं. रायफल जुन्या चादरीत गुंडाळून आम्ही दोघे ठाण्यावर गेलो. शिपायाने दुर्बिणीकडे पाहून विचारलं, "ही काढून नेतलो काय?"

"रांव दी," दादा म्हणाला. "तेच्यारच बसलेली आसा."

निकाल लागले. वाड्यावरच्या लोकांनी आपापल्या बंदुका परत आणल्या. मी दर रविवारी पेडण्याला जातो आणि रायफलीचा विषय निघण्याची वाट पाहतो. तो काढत नाही. मी मुद्दाम केळींची चौकशी करतो. तो सांगतो, खालची रांग गेली, आता डुकरं वरच्या रांगेला लागलीत. जणू दुसऱ्या कोणाच्या बागेविषयी बोलत असावा. आता डुक्कर शिरलं तर माणसं आमच्या अंगणावरून सरळ पुढच्या घरी जातात. वाटेत दादाला हाक मारून जातात, एवढंच.

गेल्या रविवारी दिवस कलताना तो माळ्यावर चढला तेव्हा मी त्याच्या मागे गेलो. त्याच्या हातात तेलाचा रिकामा डबा आणि एक काठी होती. खाली केळीत काहीतरी हललं. त्याने डबा बडवला. हालचाल जरा थांबली आणि पुन्हा सुरू झाली. डब्याला डुकरं आता सरावली आहेत.

"खंय आसत रे?" त्याने विचारलं.

मला सगळं दिसत होतं. मी सांगितलं. तो त्या दिशेला तोंड करून डबा बडवत राहिला आणि खालच्या उपसण्याच्या आवाजात काही फरक पडला नाही.